वणव्याच्या धोक्याची मोजपट्टी आणि रहिवाशांची आग : ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचा इतिहास (१९३९ ते २०२२)

प्रास्ताविक

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यातील व्हिक्टोरिया राज्यात रस्त्यांच्या कडेला आणि गावांच्या वेशींवर अर्धवर्तुळाकार फलक उभे असतात. फलकावर हिरवा, पिवळा, नारिंगी आणि गडद तांबडा असे चार पट्टे असून एक बाण त्या दिवशीची वणव्याच्या धोक्याची पातळी दाखवितो. आपले अंगण, आपले शेत किंवा आपली सहल यांबाबतचा निर्णय रहिवाशाने त्या बाणाकडे पाहून घ्यावा अशी अपेक्षा असते. ही पद्धत आज इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागे काही इतिहास असेल याची फारशी जाणीव राहत नाही. प्रत्यक्षात ही मोजपट्टी रहिवाशांसाठी तयारच झालेली नव्हती. आग केव्हा लावावी आणि किती माणसे सज्ज ठेवावीत हे ठरविण्यासाठी वनाधिकाऱ्यांनी ती घडविली. ती लोकांच्या हाती गेली तेव्हा तिचे स्वरूप पालटले. सल्ल्याची जागा मनाईने आणि पुढे घर सोडण्याच्या सूचनेने घेतली.

या स्थित्यंतराचा मागोवा घेताना एक विसंगती सतत समोर येते. मोजपट्टी त्या दिवसाचा धोका सांगते. परंतु भीषण दिवशी जे जंगल पेटते ते अनेकदा आदल्या आठवड्यात, एखाद्या निवांत दिवशी लावलेल्या आणि पुरती न विझलेल्या आगीने. ज्या दिवशी बाण खालच्या पट्ट्यावर असतो तो दिवसही वणव्याच्या इतिहासाचा भाग असतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने व्हिक्टोरियातील घटनाक्रमाचा विचार केला आहे.

वसाहतीची आग

दक्षिण गोलार्धात डिसेंबर ते फेब्रुवारी हे उन्हाळ्याचे महिने. खंडाच्या अंतर्भागातील वाळवंटी प्रदेशावरून येणारा उत्तरेचा उष्ण वारा, कोरडे गवत आणि निलगिरी कुळातील वृक्षांची जंगले यांमुळे व्हिक्टोरिया हा जगातील अत्यंत वणवाप्रवण प्रदेशांपैकी एक ठरतो. निलगिरीच्या पानांत तेल असते, हे सर्वांस ठाऊक आहे. वणव्याच्या दृष्टीने त्याहूनही घातक ठरते ती अनेक जातींच्या खोडांवर लोंबणारी साल. तिच्या पेटत्या पट्ट्या वाऱ्यावर उडून कित्येक किलोमीटर पुढे नवी आग लावतात. त्यामुळे रस्ता, नदी किंवा मुद्दाम राखलेली जाळरेषा यांचा अडसर भीषण दिवशी पुरेसा ठरत नाही.

या भूमीवरील आदिवासी समाज हजारो वर्षे आग हाताळीत आले होते. पुरातत्त्वज्ञ ऱ्हीस जोन्स यांनी १९६९ साली या व्यवहाराला अग्निकाष्ठाची शेती अशा अर्थाचे नाव दिले. योग्य ऋतूत, लहान लहान तुकड्यांत, थंड जाळ लावून गवताळ माळ मोकळे ठेवणे हे त्याचे स्वरूप होते. १८३५ मध्ये मेलबर्नची वसाहत सुरू झाल्यानंतर हे समाज आपल्या जमिनींवरून हुसकले गेले आणि आग लावण्याचे शास्त्र जाणणारे हातही त्यांबरोबर गेले. ६ फेब्रुवारी १८५१ या एका गुरुवारी सुमारे ५० लाख हेक्टर, म्हणजे आजच्या राज्याच्या जवळजवळ चतुर्थांश क्षेत्र जळाले असा अंदाज आहे.

नव्या वसाहतवाल्यांनी आग वापरणे सोडले नाही. तिच्यामागील संयम मात्र त्यांना ठाऊक नव्हता. पशुपालक कोवळे गवत फुटावे म्हणून रान जाळीत, शेतकरी जमीन मोकळी करण्यासाठी जाळीत, सोने शोधणारे खडक उघडा पडावा म्हणून जाळीत. वनखात्यासारखी यंत्रणा उभी राहावी अशी मागणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होऊ लागली, तेव्हा सल्लागार आले ते हिंदुस्थानातून. वनसेवेतील अधिकारी एफ. डी. ए. व्हिन्सेंट यांनी १८८७ साली, तर भारत सरकारचे वनविभागाचे महानिरीक्षक बर्थोल्ड रिबेंट्रॉप यांनी १८९० च्या दशकाच्या मध्यास व्हिक्टोरियाच्या जंगलांची पाहणी करून अहवाल दिले.

हा दुवा मराठी अभ्यासकांस उपेक्षणीय वाटू नये. रिबेंट्रॉप ज्या परंपरेतून आले होते तिच्यात लोकांनी लावलेली आग ही जंगलाची शत्रू मानली जाई. त्याच सुमारास मुंबई इलाख्यात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील शेतकरी राबासाठी झाडांच्या फांद्या तोडतात व जाळतात, यावरून वनखाते आणि रयत यांच्यात तीव्र संघर्ष चालू होता. १८८५ साली नेमलेल्या मुंबई वन आयोगाला त्याची चौकशी करावी लागली. भात किंवा नागलीच्या रोपांच्या जागेवर शेण, पाला, फांद्या, गवत व माती यांचे थर रचून पावसाळ्यापूर्वी भाजणे म्हणजे राब. तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि राखेचे खत मिळते. वनखात्याच्या दृष्टीने ती नासाडी होती, शेतकऱ्याच्या दृष्टीने ती पेरणीची पूर्वतयारी. व्हिक्टोरियातील वसाहतवाल्याची आग आणि कोकणातील राब यांची तुलना फार ताणणे योग्य नव्हे, कारण राब हा मर्यादित जागेचा, पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेला जाळ आहे. दोन्हीकडे प्रश्न मात्र एकच होता : आग लावण्याचा अधिकार कोणाचा आणि तिची वेळ कोणी ठरवायची?

१३ जानेवारी १९३९

१९१८ च्या कायद्याने व्हिक्टोरियात स्वतंत्र वन आयोग स्थापन झाला. त्यानंतरही १९२६ आणि १९३२ साली मोठे वणवे लागले. १९३८ चा हिवाळा व वसंत कोरडे गेले आणि डिसेंबरपासूनच डोंगराळ भागात ठिकठिकाणी आगी धुमसू लागल्या. काही विझविल्या गेल्या. काही दूर, दुर्गम आणि निरुपद्रवी दिसतात म्हणून तशाच राहू दिल्या गेल्या. शुक्रवार, १३ जानेवारी १९३९ रोजी मेलबर्नचे तापमान ४५.६ अंश सेल्सिअसवर पोहोचले. उत्तरेच्या प्रचंड वाऱ्याने या विखुरलेल्या आगी फुलल्या आणि एकमेकींत मिसळल्या.

त्या मोसमात ७१ माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे २० लाख हेक्टर क्षेत्र जळाले आणि ६९ लाकूडगिरण्या नष्ट झाल्या. नार्बेथाँग, नूजी, वुड्स पॉइंट ही गावे बेचिराख झाली. गिरण्या जंगलाच्या पोटात असत. कामगार कुटुंबासह तेथेच राहत. मॅटलॉकजवळच्या एकाच गिरणीवर १५ जणांचा अंत झाला. ज्या गिरण्यांवर जमिनीत खोदलेले, मातीने झाकलेले निवारे होते तेथील काही माणसे वाचली. काही ठिकाणी तो निवाराही अपुरा ठरला.

न्यायमूर्ती लेनर्ड स्ट्रेटन यांचा रॉयल कमिशन म्हणून नेमलेला आयोग त्याच महिन्याच्या अखेरीस कामाला लागला आणि मे १९३९ मध्ये त्यांनी अहवाल सादर केला. सरकारी अहवाल सहसा कोणी वाचीत नाही. या अहवालातील काही पाने पुढे व्हिक्टोरियातील विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात आली, इतकी त्याची भाषा समर्थ होती. परंतु त्याचे खरे महत्त्व भाषेत नाही. या आगी माणसांच्या हातांनी लागल्या, हे स्ट्रेटन यांनी निःसंदिग्धपणे नोंदविले. गुन्हेगारी हेतूने जाळपोळ करणारा कोणी एक खलपुरुष त्यांना दाखविता आला नाही. पशुपालक, शेतकरी, खाणकामगार, गिरणीवाले, शिकारी, सहलीला आलेले लोक अशी साधी माणसे, साध्या कारणांसाठी, वर्षानुवर्षे आग लावीत आली होती. त्या उन्हाळ्यात परिस्थिती निराळी आहे हे त्यांना उमगले नाही. या जंगलात राहणाऱ्या गोऱ्या माणसाचा अनुभव अजून पुरेसा दीर्घ नाही, हे स्ट्रेटन यांचे निरीक्षण वसाहतीच्या इतिहासावरचे मार्मिक भाष्य मानावे लागेल.

साक्षीपुराव्यात त्यांना आणखी एक गोष्ट जाणवली. अनेक साक्षीदार खरे बोलत नव्हते. काहींना शेजाऱ्यांची भीती होती, काहींना वनाधिकाऱ्यांची, तर काहींना आपल्या धंद्याची काळजी. खुद्द सरकारी संस्थांतही एकवाक्यता नव्हती. मेलबर्नचा पाणीपुरवठा सांभाळणारे मंडळ आपल्या पाणलोट क्षेत्रात आग मुळीच लावू द्यायला तयार नव्हते. वन आयोगाचा अनुभव वेगळा होता. स्ट्रेटन यांनी नियंत्रित जाळाचा पुरस्कार केला. जंगलात साठलेला पालापाचोळा सौम्य हवेत, देखरेखीखाली जाळला तर उन्हाळ्यातील वणव्याचे बळ घटते, हा त्यामागील विचार होता. म्हणजे रहिवाशांच्या आगीला दोष देणाऱ्या अहवालानेच आगीला शास्त्रीय प्रतिष्ठाही दिली. या दोन विधानांत विरोध नाही. आग कोण, केव्हा आणि कशी लावतो यावर सारे अवलंबून आहे.

शिफारशींची अंमलबजावणी रेंगाळली. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १९४३-४४ च्या उन्हाळ्यात पुन्हा वणवे भडकले. यालोर्न येथील आगीच्या चौकशीसाठी स्ट्रेटन यांनाच पुन्हा पाचारण करण्यात आले. त्यानंतर १९४४ च्या कायद्यान्वये ग्रामीण अग्निशमन प्राधिकरण निर्माण झाले आणि एप्रिल १९४५ पासून ते कार्यान्वित झाले. ग्रामीण भागातील स्वयंसेवी अग्निशमन पथके एका छत्राखाली आली.

मॅकआर्थर यांची चकती

आग केव्हा लावावी याचे उत्तर अनुभवावर सोडून चालणार नव्हते. अमेरिकेत हॅरी गिसबोर्न यांनी आयडाहो राज्यातील प्रायोगिक जंगलात १९३० च्या दशकात धोका मोजण्याचे पहिले साधन तयार केले होते. कॅनडातही त्या दशकात असेच प्रयत्न चालू होते. निलगिरीच्या जंगलासाठी मात्र ती गणिते जशीच्या तशी उपयोगी नव्हती. हे काम केले कॅनबेरा येथील वनसंशोधक ॲलन मॅकआर्थर यांनी. १९५० च्या दशकापासून त्यांनी जंगलात व गवताळ माळांवर शेकडो प्रायोगिक आगी लावल्या, त्यांचा वेग मोजला, ज्वालांची उंची नोंदविली. त्यांची १९६२ ची महत्त्वाची पुस्तिका नियंत्रित जाळावर होती, ही बाब येथे ध्यानात घ्यावयास हवी. १९६७ साली निलगिरी जंगलातील आगीच्या वर्तनावरील त्यांची पुस्तिका प्रसिद्ध झाली.

त्यांची मोजपट्टी म्हणजे पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या, एकमेकींवर फिरणाऱ्या चकत्या होत्या. तापमान, हवेतील सापेक्ष आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि पावसाच्या अभावाने आलेली रुक्षता या चार गोष्टी जुळविल्या की धोक्याचा अंक मिळे. अंक १ ते १०० पर्यंत धावे. यातील १०० हा आकडा गणिताने आलेला नव्हता. १३ जानेवारी १९३९ ची परिस्थिती म्हणजे १००, असे ठरविण्यात आले होते. त्याहून वाईट दिवस कल्पनेत नव्हता. एका समाजाच्या स्मृतीतील भीषण दिवस अशा रीतीने मोजपट्टीचे टोक होऊन बसला.

१९८० साली या चकतीचे समीकरणांत रूपांतर झाले. त्या समीकरणाने पाहिले तर रुक्षता कमाल असताना २० अंश तापमान, ४० टक्के आर्द्रता आणि ताशी १० किलोमीटर वारा असा दिवस सुमारे ८ अंकांचा ठरतो. रुक्षता तीच ठेवून ४० अंश, १० टक्के आर्द्रता आणि ताशी ५० किलोमीटर वारा घेतला की अंक १०९ होतो. त्याच तप्त दिवशी वारा ताशी २० किलोमीटरवर आला तर अंक ५४ पर्यंत उतरतो. वाऱ्याचे माहात्म्य यावरून कळावे. चढावर आग आणखी धावते. दर १० अंश चढाला तिचा वेग दुप्पट होतो, हा मॅकआर्थर यांचा ठोकताळा आजही सांगितला जातो.

अंकांना नावे देण्यात आली : पाचपर्यंत कमी, बारापर्यंत मध्यम, चोविसापर्यंत उच्च, पन्नासपर्यंत अतिउच्च आणि त्यापुढे आत्यंतिक. वनाधिकाऱ्याला पहिल्या दोन श्रेणींत रस होता, कारण त्याच त्याच्या जाळण्याच्या वेळा होत्या. रहिवाशांना दाखविली जाऊ लागली ती प्रामुख्याने वरची टोके. त्याच १९६७ साली, ७ फेब्रुवारी रोजी, टास्मानिया राज्यातील होबार्ट शहराच्या परिसरात ६२ जणांचा बळी गेला. त्या दिवशी धगधगणाऱ्या शंभराहून अधिक आगींपैकी बहुसंख्य माणसांनी हेतुपूर्वक, अनेकदा रान साफ करण्यासाठी लावलेल्या होत्या. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा स्ट्रेटन यांचा निष्कर्ष दुसऱ्या राज्यात अक्षरशः पुन्हा खरा ठरला.

रहिवाशांचे नियम

व्हिक्टोरियाच्या ग्रामीण भागात दरवर्षी प्रत्येक नगरपालिका क्षेत्रासाठी अग्निधोक्याचा कालावधी घोषित होतो. त्याची तारीख सर्वत्र एक नसते. गवत कोठे आधी वाळते, कोठे उशिरा, यावर ती ठरते. या काळात उघड्यावर आग लावण्यास परवाना लागतो. स्वयंपाकासाठी किंवा उबेसाठी लहान शेकोटीला सूट आहे, पण तिच्या अटी बारकाईने घातलेल्या आहेत : वारा ताशी १० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, आग बांधलेल्या चुलीत किंवा किमान ३० सेंटिमीटर खोल चरात असावी, भोवतालचे तीन मीटर अंतर पेट घेणाऱ्या वस्तूंपासून मोकळे असावे, आगीने एक चौरस मीटरहून अधिक जागा व्यापू नये, आणि विझविण्याची साधने व क्षमता असलेली व्यक्ती सतत हजर असावी. संपूर्ण अग्निबंदीच्या दिवशी ही सूटही संपते आणि सर्वसाधारण परवाने निष्प्रभ होतात.

नियमांची ही भाषा कोरडी असली तरी तिच्यातील प्रत्येक मोजमाप मागील एखाद्या अपघाताची आठवण बाळगून आहे. तरीही अशा कायद्यांत एक अंगभूत अडचण राहतेच. रान ओले असते तेव्हा जाळण्यास मुभा असते, पण ते जळत नाही. ते जळू लागते तेव्हा मुभा संपत आलेली असते. मधला काळ थोडा असतो आणि तोच सर्वांत फसवा. शेतकऱ्याने त्या चार दिवसांत घाई केली तर त्याला केवळ बेफिकीर म्हणून मोकळे होणे अन्यायाचे होईल.

शंभराच्या पलीकडे

१६ फेब्रुवारी १९८३ रोजी व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत ७५ माणसे दगावली. त्यानंतरच्या वर्षांत एक धोरण दृढ झाले : रहिवाशाने पूर्ण तयारीनिशी घरी थांबून घर वाचवावे, अन्यथा वेळेपूर्वीच निघून जावे. शेवटच्या क्षणी पळणारेच अधिक मरतात, या निरीक्षणावर ते आधारलेले होते आणि सामान्य वणव्याच्या बाबतीत ते खरेही होते.

शनिवार, ७ फेब्रुवारी २००९ रोजी मेलबर्नचे तापमान ४६.४ अंशांवर गेले. १९३९ चा उच्चांक मोडला. राज्याचे प्रमुख जॉन ब्रम्बी यांनी आदल्या दिवशीच लोकांना अभूतपूर्व धोक्याचा इशारा दिला होता. अनेक ठिकाणी अंकाने शंभरी बरीच ओलांडली. म्हणजे मोजपट्टीचे टोक मागे पडले आणि त्या पलीकडच्या प्रदेशाला नावच नव्हते. ५१ आणि १५० या दोन्ही अंकांसाठी एकच शब्द होता. त्या दिवशीच्या आगींत १७३ जणांचा मृत्यू झाला, दोन हजारांहून अधिक घरे गेली. सर्वाधिक, ११९ बळी घेणारी किलमोर पूर्वेची आग वीजवाहिनीच्या बिघाडातून उद्भवली. संध्याकाळी वारा नैऋत्येकडून वाहू लागला आणि आगीची लांबलचक बाजूच नवी आघाडी बनून पुढे सरकली. मृतांपैकी ११३ जण घरांत सापडले.

निवृत्त न्यायमूर्ती बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने जुलै २०१० मध्ये ६७ शिफारशी केल्या. दरम्यान २००९ च्या उत्तरार्धातच श्रेणींची फेररचना झाली होती. पन्नासच्या पुढील भाग तीन श्रेणींत विभागला गेला आणि १०० व त्यावरील अंकांसाठी 'प्रलयंकारी' या अर्थाचा शब्द आला. व्हिक्टोरियाने त्यास 'कोड रेड' म्हटले. अशा दिवशी घर कितीही सज्ज असले तरी तेथे थांबू नये, असा संदेश जोडला गेला. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी सिडनी महानगराला ही सर्वोच्च श्रेणी प्रथमच लागू झाली.

आयोगाने दुसरीही शिफारस केली, तिची चर्चा सामान्य जनांत कमी झाली. सार्वजनिक जमिनीपैकी किमान ५ टक्के क्षेत्र दरवर्षी नियंत्रितपणे जाळावे, असे त्यांनी सुचविले. शासनाने ते उद्दिष्ट स्वीकारले. परंतु हेक्टरांची भरती करायची तर दूरची, निर्मनुष्य जंगले जाळणे सोपे असते. गावांलगतची जाळणे कठीण आणि खर्चिक. काही वर्षांतच हे उद्दिष्ट सोडून धोका किती घटला यावर आधारित पद्धत स्वीकारण्यात आली. त्याच सुमारास घडलेली लान्सफील्डची घटना उद्बोधक आहे. सप्टेंबर २०१५ च्या अखेरीस सरकारी खात्याने तेथे नियोजित जाळ लावला. तो वसंत ऋतू होता, उन्हाळा दूर होता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हवा तापली, वारा उठला आणि आग रेषेबाहेर गेली. सुमारे तीन हजार हेक्टर क्षेत्र व चार घरे जळाली. स्वतंत्र चौकशीत नियोजन व मनुष्यबळ अपुरे असल्याचे निष्पन्न झाले. प्रशिक्षित माणसे, अधिकृत आराखडा आणि सौम्य दिवस एवढे असूनही आठवड्याभरानंतरच्या हवेने डाव उलटविला. १९३९ मध्ये पशुपालकांवर जो ठपका आला होता, तो येथे खात्यावर आला.

चार पट्टे

१ सप्टेंबर २०२२ पासून संपूर्ण ऑस्ट्रेलियात एकच पद्धती लागू झाली. मॅकआर्थर यांच्या गणिताची जागा आठ प्रकारच्या वनस्पती-आवरणांसाठी निरनिराळ्या प्रतिमानांनी घेतली. गवताळ माळ, दाट जंगल, झुडपी रान यांचा धोका आता एकाच सूत्राने मोजला जात नाही. पूर्वीच्या सहा श्रेणी चारवर आल्या : मध्यम, उच्च, आत्यंतिक आणि प्रलयंकारी. प्रत्येकीबरोबर करावयाची कृती सांगितली आहे. मध्यमला योजना आखा व तयारी करा, उच्चला कृतीस सज्ज राहा, आत्यंतिकला जीवित व मालमत्ता वाचविण्यासाठी आताच हालचाल करा, आणि प्रलयंकारीला जगायचे असेल तर धोक्याचा परिसर सोडा. लोकांना धोक्याचे मोजमाप नको असते, पुढे काय करायचे ते हवे असते, हा त्यामागील विचार रास्त म्हणावा लागेल.

मध्यमच्याही खाली फलकावर एक अरुंद पांढरी पट्टी ठेवली आहे. तिला श्रेणीचे नाव नाही. त्या दिवशी आग लागली तरी ती सहसा समाजाला धोकादायक गतीने पसरत नाही, एवढाच तिचा अर्थ. बांधावरचे कुंपण, छाटलेल्या फांद्या, वाळलेले गवत जाळण्यास रहिवासी निवडतो ते दिवस बहुधा याच पट्टीत किंवा तिच्या आसपास येतात. धोक्याचा कालावधी घोषित नसतानाही अशा जाळाची आगाऊ नोंद करावी, शेजाऱ्यांना कळवावे, भोवती किमान तीन मीटर जागा मोकळी करावी आणि त्या दिवसाबरोबर पुढील दिवसांचाही हवामान अंदाज पाहावा, असे ग्रामीण अग्निशमन प्राधिकरण सांगते. जाड ओंडक्यांच्या आणि मुळांच्या पोटात निखारा आठवडेच्या आठवडे टिकतो. विझलेल्या ढिगाकडे पहिल्या उष्ण, वादळी दिवसापूर्वी पुन्हा जाऊन राख उकरून पाहण्याची सूचना त्या प्राधिकरणाकडून दर वसंतात दिली जाते.